जवळजवळ तयार विमान

खोक्यावर लिहिलं होतं, 'जवळजवळ तयार'. चष्मेवाल्याने त्यातल्या 'जवळजवळ'कडे दुर्लक्ष केलं आणि 'तयार'वर विश्वास ठेवला.

त्याचं चष्म्यांचं दुकान चौकात होतं. चाळिशी उलटेपर्यंत तो एकटाच राहिला होता. मग डोळे तपासायला आलेल्या एका नर्सशी ओळख झाली, ओळख वाढली आणि लग्न झालं. तिचं हे दुसरं लग्न होतं. पहिल्या लग्नाची एक मुलगी होती, आता बारा वर्षांची, हडकुळी आणि बडबडी. तिला सगळे टिटवी म्हणत. तान्ही असताना ती टिटवीसारखी ओरडायची म्हणून तिच्या वडिलांनीच ते नाव पाडलं होतं. चष्मेवाला मात्र तिला शाळेतल्या नावाने हाक मारी. दुसऱ्याने पाडलेलं नाव आपल्या तोंडाने घेणं त्याला उष्टं खाल्ल्यासारखं वाटे.

तिचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करत. माणूस वाईट असता तर चष्मेवाल्याची सोय झाली असती. दारुडा असता, निदान विसराळू तरी. पण लिफ्टवाला दिलेल्या वेळेला येई, मुलीला फिरायला नेई, वेळेवर परत आणून सोडी आणि दारातूनच नमस्कार करून निघून जाई. नावं ठेवायला जागा म्हणून ठेवली नव्हती त्याने. मुलगी त्याला 'बाबा, तू' म्हणे. चष्मेवाल्याला म्हणे 'काका, तुम्ही'. यात कुणाचीच चूक नव्हती आणि चष्मेवाल्याला ते रोज टोचे.

म्हणूनच विमानाची गोष्ट त्याने जिवापाड जपली होती. शाळेतून येताना मुलगी एका मैदानाच्या कुंपणापाशी रेंगाळते, तिथे काही लोक रिमोटवरची विमानं उडवतात आणि ती तोंड उघडं टाकून बघत बसते, हे त्याने पाहिलं होतं. तिच्या आईला हे माहीत नव्हतं. मुख्य म्हणजे तिच्या बाबालाही माहीत नव्हतं. चष्मेवाल्याने कुणाला न विचारता ते खोकं आणलं. उघडल्यावर मुलगी जी किंचाळली, ती ऐकून शेजारच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या.

पंख तयार, धड तयार, मोटर बसवलेली, वरून लाल-पांढरी चकचकीत फिल्म ताणून चिकटवलेली. आपण फक्त जोडायचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, त्याला कितीसा वेळ लागणार, असं त्याला वाटलं.

पण पंखाची भोकं धडाच्या भोकांशी जुळेनात. त्याने कानसून भोकं मोठी केली, तर पंख धडावर इकडेतिकडे सरकायला लागला. पंखाच्या मागच्या कडेला एक हलती पट्टी असते, विमान डावीउजवीकडे कलतं ते तिच्यामुळे. तिच्या बिजागऱ्यांना त्याने इतका डिंक पाजला की उजवी पट्टी हलेचना. मग त्याने कंपनीला शिव्या घातल्या.

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली.

"अंगण खरंच वाकडं आहे," तो म्हणाला. "ये, बघ."

तिने येऊन बघितलं. भोकं खरोखरच वाकडी होती. पण शेपटीही वाकडी होती आणि ती त्याने बसवली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीने कौतुकाने विमान शेपटीला धरून उचललं. शेपटी तिच्या हातात आली, विमान टेबलावरच राहिलं. पाल शेपटी टाकून पळते तसं. ती रडली नाही, चिडलीही नाही. त्या तुकड्याकडे बघत हळूच म्हणाली, "काका, बाबाला विचारू का?"

चष्मेवाल्याने शेपटी तिच्या हातातून काढून घेतली.

"त्यांना कशाला त्रास?" तो म्हणाला. "मी करतो ना."

तो विमान दुकानात घेऊन गेला. मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी, गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यावर झुंजू लागला. त्याचे हात नाजूक कामाचे होते. मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू तो फिरवत असे. पण चष्मा चुकला तर उलगडून पुन्हा करता येतो, वाळलेला डिंक उलगडत नाही. जमत नव्हतं त्याचं दुःख होतंच. पण खरी आग वेगळीच होती. स्क्रू फिरवताना त्याला सारखं दिसे, की लिफ्टवाला हेच काम करतोय, सहज, शीळ घालत, आणि मुलगी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघतेय. त्या चित्राने त्याच्या अंगाचा तिळपापड होई आणि स्क्रू आणखी वाकडा बसे.

एक दिवस जेवताना बायकोने सांगितलं, "तो शनिवारी येतोय. हिने फोन केला."

"मला विचारायचं तरी!"

"तिने विचारलं होतं तुला. तू हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस. तिला विमान उडवायचंय रे. कुणी जोडलं याच्याशी तिला काय करायचंय?"

चष्मेवाल्याने ताटात आणखी भात वाढून घेतला. जोडलं कुणी याच्याशीच तर सगळं होतं.

शनिवारी लिफ्टवाला आला. चपला दाराबाहेर नीट जुळवून ठेवल्या, हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवली आणि बैठकीच्या खोलीत खालीच मांडी घातली. मुलीने पळत जाऊन त्याला पाठीमागे उशी दिली. चष्मेवाल्याला त्या घरात आजवर कुणी उशी दिली नव्हती. त्याने कधी मागितलीही नव्हती, पण तो मुद्दा वेगळा.

लिफ्टवाल्याने विमान हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं. शेपटी जिथून निघाली त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"इथली फिल्म काढायची राहिली," तो म्हणाला. "डिंक लाकडाला धरतो. प्लास्टिकला नुसता बसून राहतो."

"पुस्तिकेत कुठे दिसलं नाही मला," चष्मेवाला म्हणाला.

"असेल कोपऱ्यात कुठेतरी. पुस्तिका लिहिणाऱ्याला स्वतःला कधी जोडायचं नसतं हो. आणि ही भोकं तर कंपनीनेच चुकवलीत. तुम्ही काय करणार?"

तो समजूतदारपणा चष्मेवाल्याला शिवीपेक्षा जास्त झोंबला. 'तुम्हाला जमलं नाही' असं तोंडावर म्हणाला असता, तर निदान भांडता आलं असतं.

काम सुरू झालं. लिफ्टवाल्याने मोठ्या झालेल्या भोकांत लाकडाच्या बारीक काड्या डिंक लावून ठोकल्या, वाळल्यावर कडा तासल्या आणि योग्य जागी नवी भोकं पाडली. शेपटीखालची फिल्म धारदार पात्याने हलक्या हाताने कापून सोलली. लाकडाला चरा पडू दिला नाही. अडकलेल्या पट्टीच्या बिजागऱ्या कापून नव्या घातल्या. मध्येच मुलीला इस्त्री आणायला सांगितली आणि पंखावरच्या सुरकुत्या तिच्याकडूनच काढून घेतल्या. इस्त्री फिरली की फिल्म आक्रसून गुळगुळीत होई, आणि दर वेळी मुलगी "हा! हा!" करून ओरडे. चष्मेवाला खुर्चीत बसून हे बघत होता. दुकानात जे चित्र त्याला दिसायचं तेच समोर चाललं होतं. लिफ्टवाला शीळ तेवढी घालत नव्हता.

मग पंखाचे दोन भाग जोडायची वेळ आली. मध्ये लाकडाची पट्टी, दोन नळ्यांतून पिळून मिसळलेला एपॉक्सीचा पक्का डिंक, आणि तो घट्ट होईपर्यंत दोन्ही बाजूंनी धरून राहायचं.

"याला दोघं लागतात," लिफ्टवाला म्हणाला. "या तुम्ही. तिचे हात थकतील."

अशा रीतीने ते दोघं टेबलाच्या दोन बाजूंना, एकमेकांच्या तोंडासमोर, एकच पंख धरून उभे राहिले. सोडायची सोय नव्हती.

"सरळ आहे का बघा तुमच्या बाजूने."

चष्मेवाल्याने एक डोळा मिटला. वाकड्या नाकांवर सरळ चष्मे बसवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. "तुमचं टोक किंचित वर आहे. केसभर. हां, आता बरोबर."

मुलीने मोजपट्टी लावून पाहिलं. "काका बरोबर आहेत! बाबा, तुला दिसलं नाही?"

"नाही दिसलं," लिफ्टवाला आरामात म्हणाला.

चष्मेवाल्याला बरं वाटलं. पण फार वेळ नाही. थोड्याच वेळात लिफ्टवाल्याने मान वेडीवाकडी केली. "टिटवे, नाक खाजव गं. हात अडकलेत."

मुलीने खदखदा हसत त्याचं नाक खाजवलं, वर एक चिमटाही काढला. ते बघता बघता चष्मेवाल्याच्याही नाकाला खाज सुटली. आधी जराशी, मग असह्य. दोन शब्दांचं काम होतं. पण ते शब्द काही त्याच्या तोंडातून फुटेनात. तो पंख धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, नाक फुगवत उभा राहिला.

बायकोने चहा आणून ठेवला. लिफ्टवाला मुलीकडे बघून म्हणाला, "तुझ्यात दोन चमचे साखर असणार, माहितेय मला."

"ती चहा घेत नाही आता," चष्मेवाला म्हणाला. "सोडला तिने. पोहण्याच्या वर्गात नाव घातल्यापासून दूध घेते."

"हो का?" लिफ्टवाल्याने मुलीकडे पाहिलं. "पोहायला जातेस? बोलली नाहीस ते."

"राहिलं सांगायचं," ती म्हणाली.

लिफ्टवाल्याने मान खाली घालून पंखाचा जोड पुन्हा एकदा तपासला. चष्मेवाल्याला वाटलं, किल्ला सर केला. आपण कशावर खूश होतोय हे त्याला कळत होतं, पण खुशी काही कमी होईना.

शेपटी बसली. पंखाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोरा धरून दोन्हीकडचं अंतर सारखं आहे हे पाहून झालं. बॅटरी पुढे-मागे सरकवून विमान दोन बोटांवर तोलून झालं. मग लिफ्टवाल्याने विमान स्वतःकडे तोंड करून ठेवलं, पट्ट्या हलवणाऱ्या पंखातल्या छोट्या मोटरींना तारा जोडल्या आणि रिमोट लावला. तो दांड्या हलवून बघणार, इतक्यात त्याचा फोन वाजला. एका इमारतीत लिफ्ट बंद पडली होती आणि आत माणसं अडकली होती.

"निघतो," तो हत्यारं गोळा करत म्हणाला. "झालंच आहे तसं. उद्या सकाळी मैदानावर भेटू."

मुलगी त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली. चष्मेवाला विमानापाशी एकटाच उरला.

त्याने विमानाच्या मागे उभं राहून रिमोटची दांडी उजवीकडे सरकवली. पुस्तिका त्याने इतक्यांदा वाचली होती की पाठ झाली होती. दांडी उजवीकडे नेली की उजवी पट्टी वर जायला हवी. उजवी पट्टी खाली गेली. त्याने पुन्हा हलवून पाहिलं. पुन्हा खाली.

लिफ्टवाल्याची चूक! ढळढळीत, शेंबड्या पोरालाही दिसेल अशी. उजवीकडे वळवलं की विमान डावीकडे कलणार आणि जमिनीवर आपटणार. समोरून बसून जोडणी केली, म्हणून डावंउजवं उलटलं होतं. रिमोटच्या मागे यासाठी एक छोटा खटका होता. तो सरकवला की झालं. चष्मेवाल्याने त्या खटक्यावर नखही टेकवलं.

आणि काढून घेतलं.

उद्या मैदानावर लोक असतील. मुलगी असेल. विमान उडायच्या अगदी आधी तो शांतपणे म्हणेल, "एक मिनिट थांबा. ही पट्टी उलटी चाललीय." सगळे बघतील. कुणी बसवलं, असं कुणीतरी विचारेलच. त्याने रिमोट बंद केला आणि खोक्यात ठेवून दिला. विमानाला तर काही होणार नव्हतं. तो वेळेवर सांगणारच होता.

मैदानावर सकाळी बरीच मंडळी जमली होती. तिथे एक म्हातारे गृहस्थ नवशिक्यांना शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. लिफ्टवाला आधीच येऊन उभा होता. मास्तरांनी विमान उचललं, शेपटी ओढून पाहिली, पंख वाकवून पाहिला. "पक्कं काम आहे," ते म्हणाले. मुलीने बाबाचा हात धरून उडी मारली. चष्मेवाल्याने मनात म्हटलं, मार, मार उड्या.

त्याने घसा खाकरला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "आधी तपासणी. इथे तपासल्याशिवाय काही उडत नाही. दे, उजवीकडे दे." त्यांनी मुलीच्या हातातली दांडी तिच्याच अंगठ्याने सरकवली. "अरेच्चा, उलटी. कुणी बसवलं?"

"मी," लिफ्टवाला म्हणाला. त्याने कपाळावर हात मारून घेतला. "समोरून बघत होतो. छे! काय गाढव आहे मी!"

"गाढव बाबा!" मुलगी टाळ्या पिटत म्हणाली. मास्तरही हसले, त्यांनी खटका सरकवला आणि चूक संपली. कुणाची मान खाली गेली नाही, काही झालं नाही. चूक करूनही त्या माणसाचं काहीच जात नव्हतं. उलट मुलगी त्याच्या दंडाला लोंबकळून हसत होती. चष्मेवाल्याने रात्रभर जपून ठेवलेलं वाक्य आता कुठेच लागणार नव्हतं.

हसता हसता मुलगी थांबली. तिने वळून चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही काल हेच बघत होतात ना? बाबा गेल्यावर?"

"मी? नाही... म्हणजे सहज हलवून पाहिलं. लक्षात नाही आलं."

"पण तुम्ही हसलात," ती म्हणाली. "मी दारात होते. तुम्ही दांडी हलवलीत, परत हलवलीत आणि हसलात."

मास्तर बॅटरीकडे बघू लागले. चष्मेवाल्याला खोटं सुचेना. सुचलं असतं तर बोलला असता.

"आलं होतं लक्षात," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीत?"

"इथे सांगणार होतो. सगळ्यांसमोर."

तिला कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा बदलला. रागाने नव्हे, परका झाल्यासारखा. "विमान माझं आहे," ती एवढंच म्हणाली आणि मास्तरांबरोबर धावपट्टीकडे गेली.

विमान उडालं. मास्तरांनी वर नेलं, मग रिमोट तिच्या हातात दिला आणि तिच्या मागे उभे राहिले. लाल-पांढरं विमान मोठ्या वर्तुळात फिरत राहिलं. चष्मेवाला आणि लिफ्टवाला कुंपणापाशी हातभर अंतरावर उभे होते. चष्मेवाला शिव्यांची वाट बघत होता. त्या मिळाल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं.

"तिचा फोन आला ना," लिफ्टवाला विमानावरची नजर न काढता म्हणाला, "शेपटी निघून आली म्हणून, तेव्हा मी लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो. ग्रीसने माखलेला. 'काकांना जमलं नाही' म्हणाली, आणि मी त्या खड्ड्यात एकटाच हसलो. चांगलं मोठ्याने. वरचा माणूस विचारायला लागला, काय झालं?"

वर विमानाने एक फेरी पूर्ण केली.

"चार दिवस मजेत होतो मी. मग काल तुम्ही ते दुधाचं सांगितलंत." त्याने कुंपणाची तार बोटाने वाजवली. "विमानाची आवड तरी कुठे माहीत होती मला? माझ्याच पोरीची."

"मलाही तशी योगायोगानेच कळली," चष्मेवाला म्हणाला. हे खरं नव्हतं. तो रोज शाळा सुटायच्या वेळी, ती नीट घरी येते ना हे लांबून बघायला, त्या रस्त्याने जायचा. पण ते त्याने सांगितलं नाही. एवढं स्वतःजवळ ठेवलं.

विमान उतरताना जोरात आपटलं आणि चाकाची तार वाकली. पंख आणि शेपटी मात्र जागच्या जागी राहिली.

घरी जाताना मुलगी मागच्या सीटवर विमान मांडीवर घेऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई विचारेल, कसं झालं. ते हसण्याचं तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

त्याने सांगितलं. स्वयंपाकघरात, बायकोच्या पाठीकडे बघत, सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. "या घरात बारा वर्षांचं नक्की कोण आहे, तेवढं सांग मला," ती म्हणाली. आणि दिवसभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

मुलगी त्याहून जास्त दिवस अबोल राहिली. विचारलं की उत्तर देई, बस. चष्मेवाल्याने माफी मागितली, तर "ठीक आहे" म्हणाली आणि गृहपाठात डोकं घातलं. एवढ्या बडबड्या पोरीचं 'ठीक आहे' त्याला घरभर ऐकू येत राहिलं.

मग एका संध्याकाळी ती शाळेतून परस्पर दुकानात आली. वाकलेली चाकाची तार तिने काउंटरवर ठेवली. "ही सरळ होईल? पक्कडीने केली, तर मध्येच बाक राहिला."

त्याने तार उजेडाकडे धरून पाहिली. चष्म्याच्या काड्यांचे बाक तो दिवसभर काढत असे. पण ही पोलादाची होती, जाड, आणि मागच्या अनुभवाने तो शहाणा झाला होता.

"वाकवता येईल, पण तुटायचीही भीती आहे," तो म्हणाला. "यासाठी शिकंजा लागतो, तार घट्ट आवळून धरणारा. माझ्याकडे नाही. तुझ्या बाबांकडे असणार." तार काउंटरवर ठेवत तो म्हणाला, "बोलावू का त्यांना?"

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही फोन करणार?"

"करतो की."

त्याने केला. लिफ्टवाला जवळच्याच इमारतीत होता. थोड्या वेळात तो पिशवी घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढला, आणि त्याला काचेतून पाहताच मुलगी स्टुलावरून उडी मारून दाराकडे धावली. "बाबा! या आठवड्यात मी पाण्यात डोळे उघडे ठेवले!"

चष्मेवाल्याच्या पोटात जे दुखायचं ते दुखलंच. पहिल्यासारखंच, त्याच जागी. तो मागच्या खोलीत गेला, काचा घासायच्या मशीनवरचं फडकं बाजूला केलं, दिवा लावला आणि तिघांना बसता येईल एवढी जागा करू लागला.